उपसलेली विहीर

मी त्या बाईकडे भांडायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. उलव्यात आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर ती संध्याकाळी गोणपाट पसरून बसायची. पुढ्यात लाल माठ, मुळा, अळूच्या जुड्या. सत्तरीला आलेली, हाडापेरानं मजबूत, आणि गिऱ्हाइकानं जुडी उलटीपालटी करायला घेतली की "घ्याची तं घे, नाय तं ठेव" असा खाक्या. मला तो आवडायचा, कारण माझी जीभही काही फार मऊ नाही. एकदा तिच्याकडचा माठ आणला, कढईत परतायला टाकला आणि घरभर रॉकेलचा वास सुटला. नवऱ्यानं ताट बाजूला सारलं. उरलेली जुडी पिशवीत कोंबून मी तरातरा खाली उतरले.

"कशात धुता हो भाजी? रॉकेलमध्ये?"

"विरीच्या पान्यात," ती म्हणाली. "वीरच तशी जालीय, त्याला मी काय करू?"

"मला नका सांगू. पाणी तपासणाऱ्या सरकारी खात्यात नोकरी करते मी."

तोऱ्यात बोलून गेले आणि अडकले. तिनं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत नीट पाहून घेतलं. "मंग या ना बगाला. कदीचे अर्ज करते. तुमच्यातलं कोनी आलं नाय अजून."

पुढच्या रविवारी गेले. जासईची कंटेनर यार्डं मागे पडली की आत एक रस्ता वळतो, त्याच्या शेवटाला तिचं गाव. गावाला लागून संरक्षण खात्याचा एक जुना डेपो आहे. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. उंच भिंत, वर काटेरी तार, आतल्या प्रत्येक झाडाचा बुंधा गेरू आणि चुन्यानं रंगवलेला. या भिंतीच्या आत कधीकाळी जमिनीखालच्या टाक्यांमध्ये इंधन साठवत. भिंतीच्या बाहेर, वीस-पंचवीस पावलांवर, म्हातारीची विहीर. सगळी जमीन संपादनात गेली, उरली ती ही विहीर आणि तिच्याभोवतीची भाजीची वाडी. तिनं बादली ओढून माझ्यापुढे ठेवली. पाण्यावर रंगीत तवंग होता आणि वास तोच, माझ्या कढईतला.

मी वाकून पाहत होते तेवढ्यात पाय घसरला. विहिरीभोवती घाणेरीचं रान माजलेलं, शेवाळ, फुटक्या कुंड्या. घोटा चांगलाच मुरगळला. तिनंच हळद-चुन्याचा लेप लावून दिला, आणि लावताना म्हणाली, "पोरांनी टाकली वाडी. बोलतात, आये, तेलाची भाजी कोन खानार? मी मेल्यावर ही वीर बुजवतील. त्याच्या आदी मना तिचं पानी साफ बगाचंय."

त्या दिवशी मी ठरवलं की हे काम आपण तडीस न्यायचं. आता वाटतं, त्यात तिच्याबद्दलच्या कळवळ्याइतकाच माझा तोराही होता.

लोकांना वाटतं, सरकारी आणि लष्करी जागेला प्रदूषणाचा कायदा लागत नाही. लागतो. पाण्याच्या कायद्यापुढे कारखाना आणि डेपो एकच. पण कागदावर एकच असणं वेगळं आणि फाटकावर उभं राहणं वेगळं. कारखान्यात मी ओळखपत्र दाखवून सरळ आत घुसते. डेपोच्या फाटकावर बंदूकवाला जवान अदबीनं सलाम करतो आणि अदबीनंच परत पाठवतो. आमचे साहेब तर मलाच समजावत. "मॅडम, कशाला टेन्शन घेताय? ते पण सरकार, आपण पण सरकार. एक पत्र टाका, विषय संपवा."

पत्रं टाकली. उत्तरं आली, "बाब तपासून पाहण्यात येत आहे." म्हातारीकडे प्लास्टिकच्या पिशवीत अर्जांच्या प्रती होत्या, त्यात या पत्रांची भर पडत गेली. शेवटी आमच्या खात्याच्या बेलापूरच्या मोठ्या साहेबांसमोर सुनावणी झाली आणि त्यांनी आदेश दिला. दोन्ही बाजूंसमक्ष विहिरीचा नमुना घ्यायचा, तिथंच सील करायचा. तेल निघालं तर डेपोनं भिंतीलगतची तेलकट माती खणून काढायची, विहीर शुद्ध करून द्यायची. नाही निघालं तर तक्रार बंद. म्हणजे काचेच्या दोन बाटल्यांवर सगळं आलं.

तारखेची रीतसर नोटीस दोघांना गेली. पण म्हातारीला वाचता येत नव्हतं, म्हणून मी फोन केला. तारीख सांगितली, वेळ सांगितली, आणि वर म्हटलं, "डेपोचे अधिकारी येणार आहेत, आमचे साहेब येणार आहेत. विहिरीपाशी जरा साफसफाई करून घ्या. मागच्यासारखं नको."

मला म्हणायचं होतं, रान तोडा, पाय ठेवायला जागा करा. माझा घोटा अजून अधूनमधून दुखत होता. आणि खरं सांगायचं तर, आपण इतके दिवस ज्या विहिरीसाठी भांडलो ती गबाळी दिसू नये, असंही वाटत होतं. पाहुणे यायचे म्हटल्यावर मी घरी करते तेच मी तिला सांगितलं.

ठरल्या दिवशी जीपमधून उतरले आणि लांबूनच दिसलं. वाट झाडलेली. विहिरीच्या कठड्याला पांढरा शुभ्र चुना. कठड्यापुढे रांगोळी, हळद-कुंकू, फोडलेला नारळ. आठ-दहा बायका ठेवणीतल्या साड्या नेसून उभ्या आणि मध्ये म्हातारी, हसतमुख. मी कठड्यापाशी जायच्या आधीच नाकाला ब्लीचिंग पावडरचा वास लागला. वाकून पाहिलं तर तळाचे दगड मोजता येतील इतकं नितळ पाणी.

"दोन पंप लावले," म्हातारी सांगत होती. "कालचा सगला दिस उपसली. गाल काडला, दगड घासले, मंग पंचायतीतली पावडर टाकली. आमच्याकडं जत्रेच्या आदी वीर उपसतात तशीच. सायब लोकांना घान पानी कसं दाकवाचं?"

तेल पाण्यावर तरंगतं. एक दिवस उपसा केला की ते निघून जातं आणि मातीतून पुन्हा झिरपून यायला आठवडे लागतात. ज्या तवंगासाठी आम्ही इतकी खटपट केली, तो या बायकांनी घासूनपुसून काढून टाकला होता. माझ्या शब्दावर.

आणि मी काय केलं? ओरडले. सगळ्यांसमोर, त्या चांगल्या साड्या नेसलेल्या बायकांसमोर. "अक्कल आहे का तुम्हाला? नमुना घ्यायचा होता, सत्यनारायण नव्हता घालायचा!" बायकांचे चेहरे पडले. म्हातारीला चूक काय झाली तेच कळेना. डेपोचा अधिकारी, तरुण आणि सभ्य माणूस, बुटांकडे पाहत राहिला. त्याच्या डेपोतही मोठा साहेब यायचा झाला की झाडांना गेरू लागतो, आणि आमच्या कार्यालयात सचिव येणार म्हटलं की आदल्या दिवशी फाइली कपाटात कोंबून फरशी पुसतात. आम्ही सगळे एकाच जातीचे. कोणी पाहायला येणार म्हटलं की जे दाखवायचं तेच आधी पुसून टाकतो. नोटीस देऊन येणाऱ्या कायद्याला म्हणूनच बहुतेक ठिकाणी स्वच्छ फरशी दिसत असावी.

नमुना घ्यावाच लागला, आदेश तसाच होता. बाटल्या भरल्या, लाखेचं सील लावलं आणि मी पंचनामा लिहायला बसले. नियम सांगतो, जागेवर जे दिसलं, कळलं ते लिहायचं. मी लिहिलं, "नमुन्यापूर्वी ग्रामस्थांनी विहीर उपसून त्यात ब्लीचिंग पावडर टाकल्याचे आढळले." यापुढे आणखी एक वाक्य यायला हवं होतं, की असं करायला मी सांगितलं. पेन टेकवलं होतं. निवृत्तीला थोडकी वर्षं उरली होती, चौकशी लागली असती, साहेब शेजारीच उभे होते. पेन उचललं. म्हातारीनं विचारलं, "कुटं अंगठा?" मी जागा दाखवली. एक अक्षर न वाचून दाखवता मी तिचा अंगठा तिच्याच चुकीखाली घेतला.

अहवाल आला. तेल आढळलं नाही.

दुसऱ्या सुनावणीला म्हातारी सुनेला घेऊन आली होती. मी मागच्या रांगेत, फाइल मांडीवर घेऊन. डेपोच्या वकिलानं पंचनाम्यातलं माझं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला की तक्रारदारानंच पुरावा बिघडवला, यातून काय ते समजावं. मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. "आजी, विहीर उपसायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

ती सगळ्या खोलीकडे पाहत होती, फक्त माझ्याकडे नाही.

"कोनी नाय," ती म्हणाली. "आमच्या मनानंच केली."

मला वाटलं, ती फोन विसरली. मग तिची सून दिसली. ती सरळ माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत विसरलेलं काहीच नव्हतं. सुनेला वाचता येत होतं. पंचनाम्याची प्रत घरी गेली होती. त्यात काय आहे आणि काय नाही, हे दोघींना केव्हापासून माहीत होतं.

मी उठले. धैर्य वगैरे म्हणू नये, बसवेना म्हणून उठले. "साहेब, मी सांगितलं होतं. साफसफाई करून घ्या असं मी फोनवर म्हटलं होतं, आणि पंचनाम्यात ते मी लिहिलं नाही."

मोठ्या साहेबांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि नवा आदेश सांगितला. पहिला नमुना बाद. दुसरा नमुना घ्यायचा, कुणालाही आगाऊ न कळवता. माझ्याकडून खुलासा मागवायचा.

बाहेर आले तेव्हा मला हलकं वाटत होतं. म्हातारी जिन्यापाशी उभी होती. वाटलं, आता ती हात धरील, निदान हसेल. ती भडकलेली होती.

"कशाला बोल्ला तुमी?"

"खोटं कसं राहू द्यायचं, आजी? तुमच्यावर आलं असतं सगळं."

"माज्यावर येऊन काय जालं असतं? मना कोन फासावर देनार हाय? परत अर्ज केला असता. तुमी होता, तुमी परत आला असता." तिनं पिशवी काखेत घट्ट मारली. "आता तुमाला हलवतील. मंग आमच्याकडं कोन येनार?"

तिला आमचं खातं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. महिन्याभरात माझी बदली टपाल विभागात झाली. टेबल, शिक्का, नोंदवही. नमुने घेण्याचं काम ज्याच्याकडे गेलं तो मुलगा वाईट नाही. पण त्याच्याकडे तळोज्याचे कारखाने आहेत, नावड्याच्या लोकांच्या वासाच्या तक्रारी आहेत, आणि दुसऱ्या नमुन्याच्या आदेशात तारीख मुद्दामच घातलेली नाही. तारीख नसलेलं काम आमच्याकडे कधी होतं ते मी जाणते. मी त्याला आठवण करते. तो म्हणतो, "करतो मॅडम, जीप मिळू दे."

विहिरीवर तवंग केव्हाच परत आलाय. सून मोबाइलवर फोटो पाठवते. फोटोला कायद्यात किंमत नाही, ते सील करता येत नाहीत.

खरं बोलल्याचं समाधान मला मिळायला हवं होतं. लोक तसं म्हणतातही, आणि माझ्या खुलाशावर साहेबांनी "प्रांजळ" असा शेरा मारलाय. पण तिला प्रांजळ बाई नको होती, येणारी बाई हवी होती. तिनं माझ्यासाठी खोटेपणा पत्करला होता तो माझ्यावरच्या मायेनं नव्हे, विहिरीसाठी. मी खरं बोलले ते मात्र विहिरीसाठी नव्हतं. मला तिथं बसवत नव्हतं, म्हणून.

कोपऱ्यावर ती आता बसत नाही. दर सोमवारी सकाळी मात्र तिचा फोन येतो. कार्यालय उघडतं ती वेळ तिला पाठ आहे.

"आज येतील का?" ती विचारते.

मी म्हणते, "बघते, आजी."