सुके बोंबील संपले की ये

आई गेली तेव्हा मी जपानमधल्या एका शाळेत, दुसरीच्या पोरांसमोर हात हलवत 'बटरफ्लाय, बटरफ्लाय' करत होते.

आज वर्ष झालं.

माझी आई तळवलीची. कोपरखैरण्याच्या मार्केटात मासळी विकायची. आम्ही भावंडं शिकावीत म्हणून गाव सोडून फ्लॅटमध्ये आली, आणि पहिल्याच आठवड्यात सोसायटीतून तक्रार. वास येतो म्हणे.

बाजारात कुणाचा एक शब्द ऐकून न घेणारी ही बाई. पण त्या दिवसापासून सुके बोंबील भाजायचे म्हटलं की आधी सगळ्या खिडक्या बंद, दाराच्या फटीला टॉवेल, आणि मगच गॅस.

मला वाटायचं, सगळं जग असंच भाजतं.

मग मला जपानची नोकरी लागली. लहान मुलांच्या वर्गात इंग्लिशची टीचिंग असिस्टंट. निघताना आईने बॅगेत बोंबलांचं हे एवढं पाकीट कोंबलं. मी रडत होते. नको जायला, म्हणत होते.

ती म्हणाली, "हे संपतील तवर रव. संपले का ये. मी काय बोलनार नाय."

डील झालं.

तिथे पहिले दोन महिने बेक्कार गेले. वर्गात मॅडम चित्र दाखवणार, मी पोपटासारखं 'अॅपल' म्हणणार, संपलं काम. दुपारी जेवायला मुलांमध्येच बसायचं, तशी पद्धतच आहे तिथे. पण माझ्या बाजूला बसायला कोणी तयार नाही. हारुतो नावाचा एक तर मला बघून टेबलाखाली जायचा. योगायोगाने राहायचा माझ्याच बिल्डिंगमध्ये, आजीजवळ.

मी रोज बोंबील मोजायचे. लवकर संपावेत म्हणून दोन-दोन खायचे.

एका संध्याकाळी नेहमीसारख्या खिडक्या लावल्या, टॉवेल कोंबला, बोंबील भाजायला घेतले. धूर जाणार कुठे? अलार्म बोंबलायला लागला. शेजारची आजी दारात, मागे हारुतो.

मी कमरेत वाकून सॉरी सॉरी सुरू केलं. पोलिसच बोलावते की काय आता, असं वाटलं.

आजीने सरळ आत येऊन सगळ्या खिडक्या उघडल्या. तव्यावर वाकून वास घेतला. घरी गेली आणि वाटीभर भात घेऊन परत आली. त्यांच्याकडेही सुकी मासळी असते हो! मलाच माहीत नव्हतं.

तिघं जमिनीवर बसून जेवलो. दुसऱ्या दिवशी शाळेत हारुतोने आपलं बाक ओढत आणून माझ्या बाकाला लावलं.

आईला फोन करून सांगितलं, खिडक्या उघड्या ठेवून भाजले, कोणी काही बोललं नाही. तिने विचारलं, "खरंच कोन काय बोलला नाय?"

तो आवाज अजून कानात आहे.

मी म्हटलं, आई, पण चारच राहिलेत. म्हणजे मी येतेय.

पंधरा दिवसांनी नवीन पाकीट हजर. मी भांडले, ही चीटिंग आहे. तर म्हणते कशी, "संपले का ये म्हनलेली. संपलेत कुठं?"

असं दोन वर्षं चाललं. एकदाही संपू दिले नाहीत.

मग दादाचा फोन आला. हार्ट अटॅक. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. किचनमध्ये ओट्यावर एक पाकीट होतं, टेप मारून तयार. वर माझा पत्ता, इंग्लिशमध्ये. दादा म्हणाला, एरवी मी लिहायचो, या वेळी तिने स्वतः बघून बघून लिहिला, मला हात लावू दिला नाही. अक्षरं थेट माझ्या दुसरीच्या पोरांसारखी, मोठी आणि तिरकी.

मी ते पाकीट घेऊन जपानला परत आले. वर्षभर फ्रीझरमध्ये होतं. फोडायची हिंमतच होत नव्हती गं.

आज फोडलं. पत्त्याचा कागद आधी नीट कापून घेतला. पोरांच्या वहीत लावते ना, तो सोनेरी स्टार त्यावर लावला आणि भिंतीवर चिकटवला.

सगळ्या खिडक्या उघडल्या. दारसुद्धा. आजी आली, हारुतो आला. पोटभर जेवलो.

एक बोंबील मात्र परत फ्रीझरमध्ये ठेवलाय, आई.

संपले की घरी यायचं ठरलंय. आणि आता घरी तू नाहीस.

म्हणून संपले नाहीत.

नीट राहा गं तिकडे. आणि खिडक्या उघड्या ठेव.