संत्र्यासाठी सात कुंड्या

आमच्या घरी आला की मिस्त्री आधी तुळशीच्या कुंडीत बोट खुपसायचा. चांगलं दुसऱ्या पेरापर्यंत. मग बोटाला लागलेली माती बघत माझ्या बायकोला सांगायचा, "वहिनी, पानी पायजे, पन साचाले नाही पायजे." एवढं झालं की चप्पल काढून आत येणार. बायको सुरुवातीला चिडायची. बरोबरच आहे, लोक तुळशीला हात जोडतात आणि हा बोट घालतो! पुढे पुढे तो यायच्या आधी तीच बोट घालून ओल बघायला लागली.

भिलाईच्या कारखान्यात तो भट्ट्यांच्या आतून उष्णता सोसणाऱ्या विटा लावायचा. भंडाऱ्याकडचा माणूस. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो आणि आमची क्वार्टरं समोरासमोर होती. तेव्हा कामगार वसाहतीचे सेक्टर अर्धे उभे, अर्धे खणलेले असायचे. वाळत घातलेल्या धोतरावर लाल धूळ बसायची आणि अंगणात कुदळ मारली की मुरमातून ठणका सरळ खांद्यात यायचा. अशा जमिनीत काय कपाळ उगवणार? म्हणून लोक कुंड्या ठेवायचे.

त्याच्याकडे एकच झाड होतं, संत्र्याचं कलम. बायकोनं माहेराहून, काटोलकडून आणलेलं. तिचे वडील संत्र्याच्या बागेत राखणीला होते, तिचं सारं लहानपण त्या झाडांखाली गेलं. कलम आणलं त्याच वर्षी तिला क्षयाचा खोकला लागला आणि नागपूरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. निघताना तिनं एकच सांगितलं होतं, "मी येईपर्यंत याले जगवजा."

एक आड एक रविवारी तो पॅसेंजरनं नागपूरला जायचा. जाताना झाडाचं एक पान ओल्या रुमालात गुंडाळून न्यायचा. ती ते पान बोटांनी चुरगळायची आणि नाकाशी धरून डोळे मिटून बसायची. उरलेलं उशीखाली ठेवायची. पान हाताशी असलं की खोकला कमी येतो, असं ती म्हणायची म्हणे. खरं-खोटं कोण जाणे, पण मिस्त्रीचा त्यावर विश्वास होता.

पंचाईत अशी, की तो गेला की झाडाचे हाल. शेजारी एक तर विसरायचे, नाही तर पुण्य समजून बादली ओतायचे. म्हणून त्यानं ठरवलं, स्वतःचं पाणी स्वतः सांभाळेल अशी कुंडीच करायची. जवळच्या खेड्यातल्या कुंभाराला गाठलं. पहिली कुंडी सिमेंटवर सपाट बसली, खालचं भोक बुजलं आणि मुळं सडायला लागली. दुसरीला त्यानं तीन पाय लावून घेतले, तर पाणी भुरकन निघून जायचं. तिसरीला भोक बुडाला न ठेवता दोन बोटं वर, बाजूला पाडलं. म्हणजे तळाशी तेवढंच पाणी राहणार, जास्तीचं वाहून जाणार. त्या पाण्यात विटांचे तुकडे, तुकड्यांवर माती, आणि मातीतून खाली पाण्यात सोडलेली जाड सुती वात. समईची वात तेल ओढते तशी ही पाणी ओढायची. चौथीला पाणी भरायला बाजूनं तोटी आली, तेव्हा कुंभारानं विचारलं, ही कुंडी आहे का चहाची किटली? मिस्त्री हसला नाही. त्यानं तोटीचं तोंड किती रुंद हवं ते परत एकदा काडीनं मोजून दाखवलं.

चौथी कुंडी उत्तम चालली. झाड चांगलं हिरवंगार झालं. आता इथे मी शहाणपणा केला, तो ऐका.

कुंडी जड होती. ऊन बदललं की तो ती पोटाशी धरून हलवायचा आणि कंबर धरून बसायचा. मी म्हटलं, मिस्त्री, विटांचे तुकडे काढ आणि स्लॅग घाल. लोखंड गाळल्यावर भट्टीतून उरतो तो दगड, सच्छिद्र, हलका, आमच्याकडे डोंगर पडलेले. मीच त्याला पिशवीभर आणून दिला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला. "तुमी शिकलेले लोक, बाबूजी," म्हणाला, "आमाले हे कुठून सुचावं."

काही आठवड्यांत कोवळी पानं पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. मिस्त्रीला वाटलं, पाण्याचंच काही चुकतंय. त्यानं पाचवी कुंडी करवली, भोक खाली घेतलं. सहावीत वात बारीक केली. सातवीत दोन वाती घातल्या. आणि दर वेळी माझा स्लॅग धुऊन, पुसून, श्रद्धेनं परत तळाशी रचला. त्याच्यावर त्यानं कधी शंकाच घेतली नाही.

एका शनिवारी तो आमच्या अंगणातल्या कागदी लिंबाजवळ घुटमळत होता. आजारी माणसाला पिवळं पान कसं द्यायचं, म्हणाला. मी लिंबाचं पान तोडून दिलं. सोमवारी परत आला तो तोंड पाडून. जन्म संत्र्यात गेलेल्या बाईला लिंबाचा वास कळणार नाही? तिनं पान नाकाशी धरलं आणि खाली ठेवून विचारलं, झाड मेलं का? हा म्हणाला, नाही, जिवंत आहे.

"मंग पुढच्या खेपेले त्याचंच आना," ती म्हणाली. "कसंही असू द्या."

पुढच्या खेपेला पान द्यायचं तर झाडावर चार पिवळी पानं उरली होती, तीही हात लावला की गळायची. तो रिकाम्या हातानं गेला.

त्याच सुमारास आमच्या मुख्य केमिस्टसाहेबांनी कॅन्टीनमध्ये कुणाच्या तरी मोसंबीवरून सहज सांगितलं, की या जातीच्या झाडांना चुना सोसत नाही. मुळाशी चुना असला की झाडाला लोखंड घेता येत नाही, पानं पिवळी पडतात. माझा घास तोंडातच राहिला. स्लॅगमध्ये चुना किती, हे रोज तपासून वहीत लिहायचं काम कुणाचं? माझं! आणि मी तोच स्लॅग त्या झाडाच्या पिण्याच्या पाण्यात बुडवून ठेवला होता.

मी त्या संध्याकाळी समोर गेलो का? नाही गेलो. शिकलेला माणूस ना मी! आज सांगू, उद्या सांगू करत आठ दिवस खिडकीतून त्याला कुंडीशी बसलेला बघत राहिलो. नवव्या दिवशी चिमूटभर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घेऊन गेलो आणि म्हटलं, परत विटांचे तुकडे घालून बघू. त्यानं विचारलं, "कावून?" मी म्हटलं, सहज, बदल म्हणून. त्यानं मुकाट्यानं झाड उपटलं, मुळं धुतली, माती बदलली आणि मी सांगितलं तसं हिराकशीचं पाणी घातलं.

पंधरा-वीस दिवसांत शेंड्याला हिरवं पान आलं. मग दुसरं. मिस्त्री मला हाताला धरून घेऊन गेला दाखवायला. म्हणाला, आता पान नाही, झाडच नेतो, पाहू द्या तिले. सुट्टी काढली आणि सकाळच्या बसनं दुर्ग स्टेशनला निघाला. कुंडी मांडीवर घेऊन बसला होता, पाणी हिंदकळत नव्हतं, आणि तो खिडकीतून मला हेच बोटानं दाखवत होता.

दुपारी तारवाला त्याच्या बंद दारापाशी उभा दिसला. तार मी घेतली. आदल्या दिवशी संध्याकाळी ती गेली होती. मी तार वाचत होतो तेव्हा तो गाडीत असेल, कुंडी मांडीवर. मी तार हातात धरून त्याच्याच पायरीवर बसलो.

तेरावं उरकून तो आला, तेव्हा मी समोर त्याच्याकडे गेलो. झाड सासऱ्यानं बागेत लावून घेतलं, एवढं सांगितलं. मला राहवलं नाही. स्लॅगचं सांगितलं, आठ दिवसांचंही सांगितलं.

"आठ दिवस, बाबूजी," तो म्हणाला. "तिचं तं एकाच दिवसानं हुकलं."

आवाजात राग नव्हता. उठून आत गेला आणि माझ्यासाठी चहा ठेवला. मी तो चहा प्यायलो, काय करणार होतो?

महिन्याभरात त्यानं दुसरीकडच्या कारखान्याच्या कामावर बदली मागून घेतली. निघायच्या दिवशी तो भेटायला आला, तेव्हा मी घरातच होतो. बायकोला म्हटलं, ड्यूटीवर गेलेत म्हणून सांग. तिनं माझ्याकडे बघितलं आणि जाऊन तसं सांगितलं. माझी चप्पल दारातच पडलेली होती, त्याला दिसली असणारच.

"बाबूजी आले की त्याइले सांगजा," तो बाहेरून जरा मोठ्यानंच म्हणाला, "माह्या मनात काही नाही."

मी आतल्या खाटेवर बसून ऐकलं. फाटक वाजलं तरी उठलो नाही.