तांदळाएवढा गव्हला

१२ एप्रिल. गच्चीवर खिरीचे गव्हले वाळत घालताना ओल्या पिठाचा वास आला आणि हदगावचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. लेकीच्या हातातून तेव्हा पेन्सिल सारखी निसटायची. बालवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या, "महिनाअखेरीला पेन्सिल धरता येते का बघू, नाहीतर पहिलीत पुढच्या वर्षी." घरात नणंदेच्या रुखवताचे गव्हले चालले होते. मी लेकीलाही पिठाचा गोळा दिला आणि अंगठा नि दोन बोटांच्या चिमटीत तांदळाएवढा गव्हला वळायला शिकवलं. सुरुवातीला सगळे हरभऱ्याएवढे झाले. थोरल्या जाऊबाई हसल्या, "लई मोठं रुखवत मांडून राहिली की गं तुझी लेक!" लेक फुरंगटली, पण उठली नाही. रोज दुपारी आमच्यात येऊन बसायची. आठवड्याने सासूबाई ताटासाठी एकसारखे बारीक गव्हले निवडत होत्या. "हे कुणाच्या हातचे हायेत?" त्यांनी विचारलं. जाऊबाईंनीच सांगितलं, "या टिचभर बाईचे!" लेकीपेक्षा माझीच मान ताठ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेन्सिल तासून तिच्या त्याच चिमटीत दिली. पेन्सिल घट्ट बसली. मग महिनाअखेरीची वाट न बघता मी लेकीला घेऊन बालवाडीत गेले.