उजव्या स्टिअरिंगला स्टिकर मिळेना

गाडी खोलून पुन्हा जोडली की दोन-चार बोल्ट हातात उरतातच. ते कुठले, हे शहाण्या माणसाने विचारू नये, डब्यात टाकावेत. मंदारच्या गॅरेजमध्ये त्यासाठी लोणच्याची एक जुनी बरणी ठेवलेली आहे. किस्सेही तसेच साठतात. या उन्हाळ्यात एका गाडीने आमच्याकडे इतके साठवले की बरणीचं झाकण बसेना. म्हणून थोडे इथे ओतते.

आधी माणसं सांगते. मंदार माझ्या बहिणीचा मुलगा, नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. केतकी त्याची बायको. ईशा त्यांची मुलगी, अठरा वर्षांची, जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. मी मंदारची मावशी, ईशाची मावशीआजी. शिक्षण सातवी. सांगलीला नवऱ्याचा टेम्पो होता. त्याला चालवायची हौस आणि दुरुस्तीचा कंटाळा, म्हणून दुरुस्ती मी शिकले, टेम्पोखाली झोपून. मग चालवायलाही लागले, आणि तीस वर्षं चालवला. पुढे मुलीबरोबर अमेरिकेत आले. मुलगी मिनेसोटाला गेली तेव्हा म्हटलं, त्या थंडीत मी येणार नाही, आणि इथे पेनसिल्व्हेनियात मंदारकडे राहिले. इथलं लायसन्स मी पहिल्या खेपेत काढलं. मंदारला दोन खेपा लागल्या. हे तो कुणाला सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आता गाडी. पंचवीस वर्षांहून जुनी, जपानहून बोटीने आलेली, दोन दारांची. स्टिअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताला. बापलेकीने दोन वर्षं खपून तिला रुंद चाकं लावली, नवा सायलेन्सर लावला, स्प्रिंगा बदलून ती जमिनीलगत बसवली. त्याआधी ईशा बापाशी 'फाइन' आणि 'व्हॉटेव्हर' या दोन शब्दांवर भागवायची. गाडीखाली शेजारी शेजारी झोपल्यावर बोलायला लागली. ऑगस्टअखेर ती पिट्सबर्गला कॉलेजला जाणार होती आणि ठरलं होतं की बाबा तिला याच गाडीने सोडणार. अट एकच. या राज्यात दरवर्षी गाडी तपासून काचेवर स्टिकर लावून घ्यावा लागतो. स्टिकर नाही, तर गाडी रस्त्यावर नाही.

* * *

स्टिकर नसताना मंदारने 'फक्त एक राउंड' मारायला गाडी काढली. मी डावीकडच्या सीटवर, मांडीवर परात, शेंगा सोलत बसलेले. कोपऱ्यावर पोलिसाने थांबवलं. तो सवयीने डाव्या खिडकीशी आला आणि मला म्हणाला, "लायसन्स."

मी दिलं. माझं वेळेत रिन्यू केलेलं असतं.

"मॅम, किती वेगाने जात होतात, कल्पना आहे?"

"मी कुठे जातेय," मी म्हटलं, "मला नेतायत."

त्याने वाकून पाहिलं. माझ्यासमोर स्टिअरिंग नव्हतं, परात होती. बिचारा गाडीला वळसा घालून पलीकडे गेला. दहा दिवसांत तपासणीला न्या, नाहीतर उचलून नेऊ, असा कागद मंदारच्या हातात पडला. जाताना पुन्हा माझ्याकडे येऊन त्याने दोन शेंगा घेतल्या.

* * *

तपासणी करायची हायवेलगतच्या वर्कशॉपमध्ये, वॉल्टरकडे. वॉल्टर साठीचा, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं. त्याचं इंग्रजी मी आपल्या भाषेत सांगते.

निघण्याआधी केतकीने गाडीची पूजा केली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चार चाकांखाली चार लिंबं, आणि नारळ. नारळ जमिनीवर फोड म्हणून मी सांगितलं होतं. तिने बॉनेट उघडून आतल्या लोखंडावर आपटला. म्हणाली, "मावशी, आशीर्वाद थेट इंजिनाला मिळू दे."

वॉल्टरने गाडी जॅकवर वर घेतली. खालून टपटप गळत होतं. त्याने बोट लावलं, वास घेतला. "गोड आहे. रेडिएटरचं कूलंट गळतंय."

मंदार म्हणाला, "कूलंट नाही, नारळाचं पाणी आहे."

"इंजिनात?"

"इंजिनावर."

"का?"

मंदार नोकरीत मोठ्या मोठ्या साहेबांना प्रेझेंटेशन देतो. इथे एवढंच म्हणाला, "सेफ्टीसाठी."

वॉल्टरने चाकातून लिंबाची एक बी काढली, तीही नीट पाहिली आणि फॉर्मवर 'नापास' लिहिलं.

* * *

नापासाचं कारण नुसता नारळ नव्हता, यादी होती. चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावतात. सायलेन्सर फार ओरडतो. हेडलाइटचा झोत डावीकडे पडतो, कारण जपानमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. इथे तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत. आणि काचेसमोर अडथळा.

अडथळा म्हणजे डॅशबोर्डवरचा गणपती. वॉल्टरने त्याची उंची टेप लावून मोजली.

"हे कोण?"

केतकी अभिमानाने म्हणाली, "हे वाटेतले अडथळे दूर करतात."

वॉल्टरने टेप गुंडाळली. "मग यांना सांगा, आधी स्वतः सरकायला."

केतकी घरी येईपर्यंत गणपती मांडीवर घेऊन बसली. ईशाने तोडगा काढला. गणपती डॅशबोर्डच्या खणात, खाली मऊ रुमाल. "ही कॅन नॅप," ती म्हणाली. केतकीला ते पटलं, कारण लांबच्या प्रवासात तीही तेच करते.

* * *

सायलेन्सरसाठी मंदारने मित्राला बोलावलं. शिरीष, पुण्याचा. हा गाडीला हात लावत नाही, मत लावतो.

"मी काय म्हणतो," शिरीष म्हणाला, "आवाज म्हणजे काय? हवा. हवा अडवायची. आत तारेची घासणी कोंबा. सायन्स आहे."

मी म्हटलं, "शिरीष, सायन्स दुसऱ्याच वळणावर बाहेर येईल."

"मावशी, तुमच्या टेम्पोच्या काळात ठीक होतं ते."

काही माणसांना उत्तर गाडीनेच द्यावं.

केतकीच्या सिंकखालच्या तीन घासण्या गेल्या. गाडी मांजरीसारखी शांत झाली. वॉल्टरच्या दारात पोचेपर्यंत शिरीष मला तीनदा म्हणाला, "बघा." तपासणीसाठी वॉल्टर मागे उभा राहिला, खूण केली, मंदारने ॲक्सिलरेटर दाबला. फट्ट झालं आणि एक घासणी वॉल्टरच्या कानाजवळून जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरला चिकटली.

वॉल्टरने ती पकडीने काढली, उलटसुलट पाहिली. मागून केतकी म्हणाली, "अगं बाई, ही तर माझी कढईची."

पुन्हा नापास. शिरीष परत येताना दुसऱ्याच्या गाडीने आला.

* * *

त्या दिवशी मात्र घरी कुणी हसलं नाही. कॉलेजला सहा दिवस उरले होते. मंदार म्हणाला, "जाऊ दे बेटा, मिनीव्हॅनने सोडतो. सामानही मावेल."

ईशा म्हणाली, "इट वॉज नेव्हर अबाउट द सामान." आणि दार लावून घेतलं. पुन्हा 'फाइन', पुन्हा 'व्हॉटेव्हर'. दोन वर्षांचं काम एका घासणीने वाया जायला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दाराशी गेले. म्हटलं, "ऊठ. तेरा नंबरचा पाना घेऊन खाली ये. बापाशी बोलू नकोस हवं तर, पण माझ्या हाताखाली माणूस लागेल."

आली. आम्ही मूळची अरुंद चाकं लावली, जुना सायलेन्सर चढवला. इकडच्या झोताचे हेडलाइट तिने आधीच मागवून ठेवले होते. अंधारून आल्यावर ते बसवून गॅरेजच्या दारावर केतकीच्या रांगोळीने रेघ आखली आणि झोत तिच्यावर जुळवला. मंदार टॉर्च धरून उभा.

ईशाने विचारलं, "आजी, हू टॉट यू ऑल धिस?"

"बिघडलेल्या गाडीने. चांगली गाडी काही शिकवत नाही."

थोड्या वेळाने गाडीखालून तिचा आवाज आला, "बाबा, लाइट इकडे. नो, इकडे." मंदार इतक्या घाईने वाकला की उजेड आधी सगळ्या छतावर फिरला.

* * *

तिसरी खेप. यादीत नसलेली अडचण अशी की जपानी गाडीत इंडिकेटर उजव्या हाताला आणि वायपर डाव्या. मंदार वीस वर्षं अमेरिकेत. वळायचं म्हटलं की त्याचा डावा हात पुढे. त्यामुळे कडकडीत उन्हात, प्रत्येक वळणावर वायपर लावत आम्ही वॉल्टरच्या आवारात शिरलो. वॉल्टर दारात उभा राहून बघत होता.

यादीतलं सगळं पास झालं. चाकं, लाइट, आवाज. गणपती झोपलेले. उरली रस्त्यावरची चाचणी. आधीच्या दोन्ही वेळा तिथवर पोचलोच नव्हतो.

वॉल्टर उजवीकडे बसला, डाव्या हाताने गिअर टाकायला गेला आणि खांदा धरून उतरला. "मला नाही जमणार. तुमच्यापैकी कुणीतरी चालवा, मी शेजारी बसतो."

मंदार पुढे झाला. वॉल्टर म्हणाला, "हा नको." ईशाला गिअरची गाडी अजून येत नव्हती. केतकीने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मी पदर खोचला आणि बसले.

डावा हात गिअरवर, उजवं कोपर खिडकीत. किती वर्षांनी! दारातून बाहेर पडले, पहिला टाकला, दुसरा, तिसरा. रस्ता मोकळा, गाडी लोण्यासारखी. हात सांगलीला पोचले.

वॉल्टर म्हणाला, "मॅम." मला वाटलं, कौतुक करतोय.

"मॅम!"

समोरून दुधाचा टँकर आमच्याच बाजूने येत होता. मी म्हटलं, हा मूर्ख राँग साइडने कसा येतोय, आणि हॉर्न दाबला. मग लक्षात आलं की मूर्ख टँकरमध्ये नव्हता.

ब्रेक पूर्ण दाबला. गाडी तसूभरही इकडेतिकडे न जाता सरळ रेषेत उभी राहिली. रिव्हर्स टाकून मी ती इथल्या नियमाप्रमाणे उजव्या बाजूला घेतली. टँकर शेजारून गेला, त्याचा हॉर्न बराच वेळ ऐकू येत राहिला.

परतलो. वॉल्टर पट्टा न सोडता सीटवरच बसून राहिला. मग मांडीवर फॉर्म ठेवून एकेक खूण करू लागला. ब्रेक, पास. हॉर्न, पास. स्टिअरिंग, पास. सीटबेल्टसमोर त्याने दोनदा खूण केली.

उतरला आणि काचेवर स्टिकर चिकटवला. थोडा तिरका बसला, पण बसला. ईशा धावत बापाच्या गळ्यात पडली आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, झालं."

वॉल्टर त्या दोघांकडे बघत उभा होता. मंदारच्या हातात किल्ली देताना त्याने विचारलं, "मुलीला कॉलेजला सोडायला गाडी कोण चालवणार?"

मंदार म्हणाला, "मी."

वॉल्टरने किल्ली लगेच सोडली नाही.

"मग निघण्याआधी," तो म्हणाला, "तो नारळ फोडा."