मडक्यापाशी बसणारी

हळदीच्या दिवशी दारू कोण वाटणार, हे आमच्या घरात कधी कुणाला ठरवावं लागलं नव्हतं. ते काम आत्याचं होतं. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण लवकर विधवा होऊन माहेरी आली आणि आमच्या मुरबाडकडच्या गावातच राहिली. तिनं स्वतः आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही. तरी कुणाच्याही हळदीला मांडवाच्या कोपऱ्यात मातीचं मडकं मांडलं की त्यामागच्या पाटावर तीच बसायची, आणि ती बसल्याशिवाय पुरुष पुढे सरकत नसत.

तिची रीत ठरलेली होती. दिवस मावळायच्या आधी सुरुवात करायची. जी काही दारू आली असेल ती सगळी त्या एकाच मडक्यात जायची. मोहाची असली तर आत्या पितळी तांब्यानं त्यात पाणी घालायची. किती घालायचं ते समोर बसलेल्यांचे चेहरे बघून ठरवायची. मग पहिली पळी जमिनीवर सांडायची, गेलेल्या माणसांसाठी. त्यानंतर फुलपात्र फिरायचं. फुलपात्र एकच. शेजाऱ्याचं होईपर्यंत थांबावंच लागे, त्यामुळे घाईनं पिणं कुणाला जमतच नसे. मडकं संपलं की ती ते सगळ्यांसमोर उलटं करून ठेवायची आणि म्हणायची, "मडकं पालथं. जेवायला बसा." मग कुणी कितीही मोठा असो, पुन्हा मागायची हिंमत होत नसे.

मी शहापूरच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. एका वर्षी दान आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात ग्रीक शब्दांचं एक जाड पुस्तक सापडलं. त्यात वाइन आणि मद्यपानाच्या शब्दांचं एक अख्खं प्रकरण होतं. मी ते सुट्टीत घरी घेऊन गेले. आत्या ओटीवर तांदूळ निवडत होती.

"काय वाचतेस गो?"

"दारूचे शब्द."

"येवढी शाळा शिकलीस ती दारूचे शब्द वाचायला?"

"जुन्या ग्रीक लोकांचे आहेत, आत्या. वाइनला ते ओइनोस म्हणत. पण नुसती पीत नसत. क्रातेर नावाचं एक मोठं भांडं असे, त्यात पाणी मिसळत आणि मगच घेत. बिनपाण्याची पिणाऱ्याला रानटी समजत."

"बरोबर समजत. पानी कोन घालायचा?"

"किती घालायचं ते सांगायला एकाला प्रमुख नेमत. त्याला सिम्पोसिआर्ख म्हणत. त्याचं सगळ्यांनी ऐकायचं. आणि पिण्याआधी थोडी देवासाठी जमिनीवर ओतत. त्यालाही शब्द आहे, स्पोंदे."

तिचा हात सुपात थांबला. "बाई बसायची का भांड्यापाशी?"

"नाही. घरच्या बायकांना त्या खोलीत येऊच देत नसत."

"मंग भांडनं व्हत असतील."

"होत ना. पिऊन केलेल्या दंग्याला पारोइनिया म्हणत."

"असनारच शब्द," ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली. मला वाटलं, माझी बडबड तिनं एका कानानं ऐकली आणि सोडून दिली.

आत्या गेली त्याला आता वर्ष उलटून गेलं आहे. शेवटचे काही दिवस ती फारसं बोलत नव्हती. मी तिच्या उशाशी पुस्तक घेऊन बसायचे आणि एकही पान उलटत नसे. ती गेल्यावर घरातल्या पुष्कळ गोष्टी चालू राहिल्या. मडकं मात्र माळ्यावर गेलं.

त्यानंतर पहिली हळद काकांच्या मुलाची झाली. मडक्यापाशी बसायला कुणी नव्हतं. पोरांनी बाटल्या आणल्या. ज्याची बाटली त्याच्या मोटरसायकलच्या डिकीत, आणि ज्याची पिशवी त्याच्या काखेत. किती झाली, कधी संपली, कुणालाच कळेना. नवरी किन्हवलीची होती. तिकडच्या पाहुण्यांशी बसायच्या जागेवरून बोलाचाली सुरू झाली, आणि हळद लागलेल्या नवऱ्याच्याच कपाळावर खुर्ची बसली. दुसऱ्या दिवशी तो मुंडावळ्यांखाली टाके घेऊन बोहल्यावर उभा राहिला. काका त्या लग्नात पंगतीलाही बसले नाहीत.

म्हणूनच या वर्षी माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा ती सगळ्यात आधी माझ्याकडे शहापूरला आली. साडी नाही, दागिने नाहीत, वेगळंच मागणं होतं.

"आत्या, माझ्या हळदीत मारामारी नको. माझ्या होणाऱ्या सासरी कुणी पीत नाही. किन्हवलीची गोष्ट त्यांच्या कानावर गेलीय. पुन्हा तसं झालं तर मी त्या घरात मान वर करून नाही जाऊ शकणार."

"तुझ्या बाबांना सांग ना, दारूच नको म्हणावं."

"सांगितलं. बाबा म्हणतात, मांडवात बंद केली तर रस्त्यावर पितील. मडक्यापाशी कुणीतरी बसायला हवं."

तिनं मला आत्या म्हणणं नवं नव्हतं. जन्मापासून तेच म्हणते. पण त्या दिवशी तो शब्द मला वेगळाच ऐकू आला. मी घाबरले. चारचौघांत माझा आवाज निघत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे.

हळदीच्या दुपारी मी माळ्यावरून मडकं उतरवलं, धुतलं आणि मांडवाच्या कोपऱ्यात पाट मांडून बसले. शेजारी पाण्याचा तांब्या, पळी आणि एक फुलपात्र. आत बायकांची हळदीची गाणी सुरू होती. पुरुष येऊ लागले तसं मी भावाला सांगितलं, "ज्याला प्यायची असेल त्यानं आपली बाटली इथं आणून द्यायची. सगळी मडक्यात जाईल."

आधी सगळे हसले. मग त्यांना कळलं की मी खरंच म्हणते आहे.

"अगो ताई, ही इंग्लिश हाय!" काकांचा मुलगा म्हणाला. टाक्यांचा व्रण त्याच्या भुवईवर अजून दिसतो. "रममदी व्हिस्की वतनार? लागंल कशी?"

"पाणीही घालणार आहे," मी म्हणाले.

"घ्या! वाचनालय उघडलं हळदीत. शिक्का पन मारनार काय गो?"

पुन्हा हशा झाला. माझे कान तापले. उठून आत जावं असं वाटलं. दारात भाची उभी होती, हळदीनं पिवळी झालेली. ती हसत नव्हती.

तेवढ्यात काका उठले. आमच्या घराण्यात त्यांच्याइतकं कुणी पीत नाही. ते सावकाश चालत आले, कमरेची क्वार्टर काढली, झाकण फिरवलं आणि सगळी मडक्यात ओतली.

"बाबा, चवच जाईल ना तिची," मुलगा म्हणाला.

"चव तुज्या कपाळावर लिवलीय. गप बस." मग ते बाकीच्यांकडे वळले. "मडक्यामागं बसून आक्का दर हळदीला सांगायची. लांबच्या मुलकात या कामाला मोठा मान हाय, सगला दरबार त्याचं ऐकतो, माज्या भाचीनं बुकात वाचलंय. आमाला वाटायचं, म्हातारी थापा मारते. ही ती भाची. आना बाटल्या."

मी खाली मान घालून तांब्यातलं पाणी ओतत राहिले. सुपातले खडे वेचता वेचता तिनं सगळं ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, माझ्या माघारी हळदीहळदीला मिरवलं होतं.

बाटल्या आल्या. कुणी कुरकुरत दिली, कुणी डोळे मिटून. मडक्यातला रंग गढूळ झाला, वास तर सांगायलाच नको. मी चेहऱ्यांकडे बघितलं आणि आणखी पाणी घातलं. पहिली पळी जमिनीवर सांडली. मग फुलपात्र निघालं.

शिव्या पुष्कळ पडल्या त्या चवीला. "औषध हाय का काय गो हे?" असं एक जण प्रत्येक फेरीला विचारत होता आणि प्रत्येक फेरीला पीत होता. पण आपली पाळी येईपर्यंत माणसं गप्पा मारत बसली, कारण दुसरं करायला काही नव्हतंच. काकांच्या मुलानं किन्हवलीची गोष्ट स्वतःच हसत सांगितली आणि व्रण दाखवला.

मडकं रिकामं झालं तेव्हा अजून थोडा उजेड होता. एक जण पुढे आला, "आत्याबाई, एकच फेरी." मी मडकं उचललं आणि पालथं घातलं.

"मडकं पालथं," मी म्हणाले. "जेवायला बसा."

माझा आवाज नेहमीसारखाच हळू होता. तो ऐकू यावा म्हणून मांडव गप्प झाला, एवढंच. मग पंगतीच्या पट्ट्या पसरल्या गेल्या, आणि काकांनी पहिली बैठक मारली.

दुसऱ्या दिवशी भाची मान वर करून सासरी गेली.

मडक्याला मात्र तो मिसळलेला वास धरून राहिला आहे. वहिनी म्हणाल्या, फेकून देऊ, नवं आणू. मी फेकू दिलं नाही. पुढच्या महिन्यात वैशाखरे गावात एक हळद आहे, लांबच्या नात्यातली. त्यांच्याकडून परवा कुणीतरी येऊन भावाला विचारून गेलं, तुमची आत्या येईल का. नाव विचारलं नाही, आणि भावालाही सांगावं लागलं नाही. मी येते म्हणून कळवलं आहे.