इनासला दिलेला काढा

दीड महिना झाला. सकाळी भावजयीचा फोन आला, "बाय, हे गेले..." मी वसईत बसची वाट बघत उभी होते. पहिला विचार काय आला, तर माझं मूत्रपिंडही गेलं. किती मेली स्वार्थी मी!

इनास माझा धाकटा भाऊ. नंदाखालला त्याची केळीची बाग. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली, माझं जुळलं, मी दिलं. शुद्धीवर आल्यावर म्हणतो कसा, "आता मीपण मास्तरणीसारखा ओरडणार बघ!" डॉक्टरांनी बजावलं होतं की शरीर नव्या मूत्रपिंडाला परकं समजून त्याच्यावर उठतं, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलं मी, तरी डोक्यात शिरलं नाही. परकं कसलं? सख्ख्या बहिणीचं ते! दुसऱ्या वर्षी तो सर्दी-खोकल्यानं बेजार झाला, चेहरा पार उतरला. आमच्याकडे कुणाला अशक्तपणा आला की बागेतली गुळवेल तोडून काढा करतात. मीही केला, रोज सकाळी, तीन महिने. तोंड वाकडं करून प्यायचा बिचारा. "तू दिलास म्हणजे प्यायलाच पाहिजे, नाहीतर मार कोण खाईल?"

मग रक्तातलं क्रिएटिनिन चढलं, म्हणजे मूत्रपिंड बिघडायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही घेता का? काढा, चूर्ण? त्यानं दाबलेली शक्ती पुन्हा उठते." मी शेजारच्याच खुर्चीत होते. इनास शांतपणे म्हणाला, "नाही, काही नाही." आणि मी... मी गप्प बसले.

बाहेर आल्यावर उलट त्याच्यावरच खेकसले, "खोटं का बोललास?" तो म्हणाला, "तुला ओरडले असते गं." काढा त्याच दिवशी बंद केला. इंजेक्शनं झाली, पण मूत्रपिंड काही टिकलं नाही. पुन्हा डायलिसिस, मग जंतुसंसर्ग, आणि संपलं सगळं. मातीनंतर मी एकटीच डॉक्टरांकडे गेले आणि कबूल केलं. ते म्हणाले, काढ्यामुळेच झालं असं ठामपणे सांगता येत नाही. सांगता येत नाही! मग मी करायचं काय?

त्याचा मोबाइल आता माझ्याकडे असतो, भावजयीला त्यावरचा गजर ऐकवत नाही. सकाळ-संध्याकाळ आठ वाजता, गोळीच्या वेळेला, तो वाजतो. मला बंद करता येतो, करत नाही. वाजला की उठून उभी राहते आणि रिकाम्या घरात मोठ्यानं सांगते, "डॉक्टर, काढा मी देत होते."