अंदाजबाईंची बटणांची बरणी

हेडसर आणि बाईंचं भांडण मी ऐकलं, ते काही मुद्दाम नव्हे. ऑफिसबाहेरची फरशी पुसायचं काम माझं, आणि त्या दिवशी ती फरशी जरा जास्तच वेळ मळकी राहिली.

"गणितात अंदाज कसला लावता हो?" हेडसर म्हणत होते. "उत्तर एक तर बरोबर असतं, नाहीतर चूक."

"मोजायच्या आधी साधारण किती असेल ते सुचायला हवं ना, सर. नाहीतर सत्तरच्या जागी सातशे लिहून पोरं खुशाल पुढे जातात. त्यांना काही खटकतसुद्धा नाही."

शेवटी ठरलं ते असं. शुक्रवारचा शेवटचा तास बाईंना गमतीच्या गणितांसाठी मिळाला. पण वर्षाअखेरीला हेडसर स्वतः वर्गात येऊन बसणार, आणि मुलांना काही जमत नसेल तर तास बंद. त्या जागी पाढे.

बाई तिसरीच्या. मागून सगळे त्यांना अंदाजबाई म्हणायचे आणि मागचं बोलणं त्यांना बरोबर ऐकू यायचं. दर गुरुवारी शाळा सुटली की त्या शिंप्याच्या दुकानातून जुनी बटणं आणत आणि काचेच्या बरणीत भरत. शुक्रवारी बरणी टेबलावर. किती बटणं असतील? आधी अंदाज वहीत लिहायचा, मग सगळ्यांनी मिळून मोजायची. कधी बादलीत किती पेले पाणी मावेल, कधी वर्गातले सगळे बूट एकापुढे एक मांडले तर फाटकापर्यंत पोचतील का. बूट पोचले. मात्र घरी जाताना दोन मुलींच्या पायांत दोन-दोन रंगांचे बूट होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या आया ऑफिसात.

पण बाईंना खरं छळलं ते खोडरबरांनी. पोरं मोजणी झाली की आपला अंदाज पुसून तिथे खरा आकडा लिहायची. बाईंनी तासाच्या आधी खोडरबरं गोळा करायला सुरुवात केली. दारात पत्र्याचा डबा घेऊन मी उभी. मग पोरं थुंकी लावून बोटाने खोडायला लागली. वह्यांना भोकं पडली, अंदाज काही उरला नाही.

"मावशी, मी भांडून चुकायचा तास मिळवला," बाई वैतागून म्हणायच्या, "आणि वर्गात चुकायला कुणी तयारच नाही."

मी म्हणायचे, घरी एका चुकीला एक कान पिरगाळला जातो, कोण तयार होईल? त्यावर त्या डोक्याला हात लावून बसायच्या.

वर्षाअखेर आली. हेडसर येणार त्याच्या आदल्या दिवशी बाईंना मीटिंग होती, म्हणून बरणी भरायचं काम माझ्याकडे आलं. मी शिकले दुसरीपर्यंत, पण मोजायची हौस दांडगी. दहा-दहाचे ढीग लावत मोजली. तीनशे बारा. माझी नात बाईंच्याच वर्गात. संध्याकाळी ती न सांगता माझे पाय चेपायला बसली, तिथेच मला संशय यायला हवा होता. विचारलंन, "आजी, किती निघाली गं?" आणि मी फुशारकीत सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेच्या आत वर्गभर झालं. चाळीस वह्या, चाळीस वेळा तीनशे बारा. हेडसर खूश. म्हणाले, तास खुशाल चालू ठेवा, पुढच्या वर्षी चौथीलाही घ्या. बाईंचा चेहरा मात्र कुणी तोंडात मारल्यासारखा झाला.

मी जाऊन कबूल केलं. त्यांनी वह्या एकेक करून पुन्हा उघडून बघितल्या. मग म्हणाल्या, "मावशी, एखादा जरी तीनशे दहा असता, तरी मी गप्प बसले असते."

आणि तडक ऑफिसात जाऊन सांगून आल्या, की आकडा आधीच फुटला होता. मी म्हटलं, अहो, तास वाचला होता की.

"असा वाचलेला तास घेऊन मी करू काय?"

पुढच्या शुक्रवारपासून पाढे सुरू झाले.

बाईंनी बरणी नेऊन पाण्याच्या नळाशेजारी कट्ट्यावर ठेवली. सोबत एक कागद आणि दोरीने बांधलेलं पेन. पेन्सिल नाही. असं अकरा वर्षं चाललं. बहुतेक पोरं पाणी पिऊन पळायची. कुणी एक कोटी लिहायचं, कुणी बरणीचं चित्र काढायचं. बाई चिडायच्या, आता हे शेवटचं म्हणायच्या, आणि गुरुवारी पुन्हा शिंप्याकडे. माझी नात शाळेत होती तोवर दर शुक्रवारी लिहायची, बहुधा शरमेपोटी. खऱ्या आकड्याच्या पन्नासच्या आत कधी आली नाही, पण एकदाही खाडाखोड केली नाही. त्या दिवसानंतर बरणी मात्र बाईंनी माझ्या हाती कधी दिली नाही.

त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस शुक्रवारच होता. सत्काराच्या खुर्च्या मी ओल्या फडक्याने पुसून मांडत होते. बाई आल्या त्या बरणी घेऊनच. कट्ट्यावर ठेवली, कोरा कागद लावला, पेनाची दोरी ओढून बघितली.

"मावशी, इकडे या. ही तुम्ही मोजलेली नाहीत ना?"

"नाही हो."

"मग लिहा."

मी ओल्या हाताने अडीचशे लिहिलं. त्यांनी वाकून बघितलं, फारच कमी आहे म्हणाल्या, आणि घंटा झाली तशा वर्गावर गेल्या.